ग्रॅपलचा जबडा वाटेत ढिला पडतो: सील किट आणण्याआधी काय तपासायचं

ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला ग्रॅपल, म्हणजे खाली दात आणि वरून हायड्रॉलिक सिलिंडरने मिटणारा जबडा असलेला पंजा, लावून जमीन साफ करताना एक दुखणं पुन्हा पुन्हा डोकं वर काढतं. झाडोरा किंवा ओंडका उचलला तेव्हा जबडा घट्ट मिटलेला असतो, पण ढिगापाशी पोहोचेपर्यंत पकड सैल होते आणि अर्धा माल मागे वाटेवर सांडलेला असतो. मेकॅनिकला सांगितलं की उत्तर ठरलेलं: सिलिंडरचं सील गेलंय. सील किट येतं, सिलिंडर खोलला जातो, परत जोडला जातो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तीच रड.

सील खराब होतच नाही असं नाही. पण बहुतेक ग्रॅपलमध्ये सिलिंडरचा रॉड बाहेर येतो तेव्हा जबडा मिटतो. अशा रचनेत नुसतं पिस्टनचं (सिलिंडरच्या आत सरकणाऱ्या दट्ट्याचं) सील गेलं म्हणून जबडा वीतभर उघडू शकत नाही. तो तसा उघडत असेल, तर ऑइल सिलिंडरच्या बाहेर पडलेलं आहे आणि त्याची वाट बहुधा व्हॉल्व्हमध्ये (लिव्हरने चालणाऱ्या, ऑइल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेत) सापडते. म्हणून पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करायची: जबडा खरोखर उघडतोय, की जबडा जागेवर असून आतला माल सैल होतोय?

रॉडवर खूण करा

सिलिंडरच्या चकचकीत रॉडवर, तो जिथून बाहेर येतो अगदी तिथे, चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा किंवा मार्करने रेघ ओढा. खिळ्याने किंवा पत्र्याने ओरखडा काढू नका, त्या ओरखड्यावरून बाहेरचं सील कापलं जातं. आता झाडोऱ्याचा नेहमीसारखा घास घ्या, जबडा मिटवा, खूण करा आणि ढिगापर्यंत जा. तिथे लोडरचे हात खाली टेकवा, इंजिन बंद करा, ब्रेक लावा आणि मगच खूण बघायला उतरा. उचललेल्या भाराखाली वाकून खूण बघायची नाही.

खूण जागची हललेली नाही आणि तरी फांद्या सुटल्यात, तर हायड्रॉलिकमध्ये काही बिघाड नाही. झाडोऱ्यात लाकडापेक्षा हवाच जास्त असते. ट्रॅक्टर खडबडीत जमिनीवरून दोन हिसके खातो, फांद्या एकमेकींत बसतात, पाला दबतो, मुळांना चिकटलेली माती गळते आणि घासाचा आकार कमी होतो. जबडा त्याच्यामागे आपोआप मिटत नाही. लिव्हर मधल्या स्थितीत असताना सिलिंडरला नवं ऑइल मिळतच नाही, मग रॉड पुढे येणार कसा?

यावर उपाय चालवणाऱ्याच्या हातात आहे. घास उचलल्यावर एकदा आणि पहिला खड्डा ओलांडल्यावर पुन्हा एकदा जबडा मिटवायचा. खुंट आणि मुळं उचलताना माती जागेवरच झटकून टाका. एरवी ती वाटभर सांडते आणि उरलेली ढिगात जाऊन ढीग वाळू देत नाही. फांद्या तोडतानाच बुंधे एका बाजूला ठेवून रचल्या असतील तर घास नीट बसतो, अस्ताव्यस्त ढिगातून घेतलेला घास कितीही आवळला तरी निसटतो. आणि घास जरा लहान घ्या. जबड्याची टोकं खालच्या दातांच्या जवळ आली तर पकड बसते. मोठ्या घासावर जबडा नुसता वरून टेकलेला असतो.

ग्रॅपल किती मागे कलंडवलं आहे याकडे फारसं कोणी बघत नाही. ते मागे कलंडलेलं असेल तर वजन खालच्या दातांवर आणि पाठीच्या चौकटीवर बसतं. पुढे झुकलेलं असेल तर तोच भार मिटलेल्या जबड्यावर ढकलला जातो आणि सगळा ताण त्या एका छोट्या सिलिंडरवर येतो. भार जमिनीलगत, ग्रॅपल मागे, असंच न्यायचं. ट्रॅक्टर उलटण्याच्या दृष्टीनेही तेच बरं. मागे पुरेसं वजन नसेल तर उतारावर मागची चाकं हलकी होतात, आणि त्यापुढे पकड ढिली पडणं ही किरकोळ गोष्ट ठरते.

ओंडका फिरतो, पण खूण तिथेच

आता तीच परीक्षा टणक ओंडक्यावर करा. ओंडका जमिनीवर ठेवूनच पकडायचा, इंजिन बंद करायचं आणि पाऊण तास थांबायचं. खूण हललेली नाही, तरी पहारीने ढकलल्यावर ओंडका जबड्यात फिरतो, असं झालं तर आतला दाब गेलाय. याची दोन कारणं असतात.

पहिलं, ऑइल गार झालं. हायड्रॉलिक ऑइलचं आकारमान दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०७ टक्क्याने बदलतं. ६० अंशांवरचं ऑइल सिलिंडरमध्ये कोंडलं आणि ते ३५ अंशांपर्यंत उतरलं, तर ते पावणेदोन टक्क्यांनी आकसतं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण ऑइल जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे एवढ्या आकुंचनाने कोंडलेला बहुतेक दाब निघून जाऊ शकतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ओंडका पकडून ठेवला आणि नंतर तो ढिला सापडला, तर सिलिंडर खोलायचं काही कारण नाही. मुळात कोणताही भार जबड्यात धरून ट्रॅक्टर सोडून जाऊ नये.

दुसरं कारण म्हणजे पिस्टनचं सील, आणि ते अशा वेळी खरंच दोषी असतं. समजा सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर आहे आणि रॉड २५ मिलिमीटरचा. १७० बार दाबाला हा सिलिंडर साधारण ३.४ टन जोर देतो. सील गळलं की पिस्टनच्या मागचं ऑइल पुढच्या बाजूला जातं आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. मग जोर लागतो तो फक्त रॉडच्या जाडीएवढ्या क्षेत्रावर, म्हणजे पिस्टनच्या चौथ्या हिश्श्यावर. शिवाय ऑइल दोन्हीकडे वाटलं गेल्याने दाबही उतरलेला असतो. ढोबळ हिशेबाने मूळ पकडीचा सहावा-सातवा हिस्सा उरतो. रॉड मात्र जवळजवळ हलत नाही, कारण तो आत यायचा तर त्याच्या जाडीएवढं ऑइल कुठेतरी बाहेर जायला हवं आणि दोन्ही तोंडं व्हॉल्व्हने बंद केलेली असतात.

तुमच्या ग्रॅपलचा जबडा रॉड आत जाताना मिटत असेल, तर हा हिशेब उलटतो. तिथे भार रॉडला बाहेर खेचतो, सिलिंडरच्या आत जागा वाढत जाते आणि गळकं सील एकट्याने जबडा उघडू देतं. म्हणून आधी बघा: जबडा मिटताना रॉड बाहेर येतो की आत जातो?

सीलची खात्री अशी करा. रॉड बाहेर येऊन मिटणारा जबडा पूर्ण मिटवा, सिलिंडर अगदी टोकाला टेकू द्या. इंजिन बंद करा आणि लिव्हर पुढेमागे हलवून दाब सोडा. व्हॉल्व्ह विजेचा असेल तर चावी चालू ठेवून बटण दाबून हलवा. आता रॉडच्या बाजूचा होस सिलिंडरपासून सोडवा आणि होसच्या तोंडाला त्या दाबाला टिकणारा लोखंडी प्लग बसवा. चिंधी किंवा लाकडी बूच नको. सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली भांडं धरून ठेवू नका, खाली मांडून बाजूला व्हा. इंजिन चालू करून कोणीतरी फक्त मिटवण्याच्या दिशेने लिव्हर दाबायचा, उलट दिशेने अजिबात नाही. सुरुवातीला थोडं साचलेलं ऑइल पडेल आणि थांबेल. धार चालूच राहिली तर सील गेलंय, मग किट आणा. खोलल्यावर नळीच्या आतून बोट फिरवा, ओरखडे असतील तर नवं सीलही फार काळ टिकणार नाही. रॉडच्या तोंडाशी बाहेर दिसणारा ओलेपणा वेगळा: ते रॉडचं सील. त्याने ऑइल वाया जातं, पण पकड सुटण्याचं ते सहसा कारण नसतं.

खूण सरकली: कधी सरकते ते बघा

जबडा खरंच उघडत असेल तर तो कोणत्या क्षणी उघडतो, यावरून निम्मं निदान होतं.

फक्त ग्रॅपल कलंडवताना (म्हणजे बकेटची लाइन चालवताना) पकड ढिली होते आणि सरळ चालताना टिकते, असं असेल तर डायव्हर्टर व्हॉल्व्हकडे बघा. अनेक ट्रॅक्टरांवर ग्रॅपलला स्वतःची वेगळी लाइन नसते. जॉयस्टिकवरचं बटण दाबलं की बकेट कलंडवण्याच्या लाइनचं ऑइल ग्रॅपलकडे वळतं, सोडलं की परत बकेटकडे. आतला स्पूल (पुढेमागे सरकून ऑइलची वाट बदलणारा दांडा) झिजला असेल तर बकेटकडे दाब चढताना थोडं ऑइल फटीतून ग्रॅपलच्या उघडण्याच्या बाजूला शिरतं. प्रत्येक वेळी थोडं थोडं, म्हणून लक्षात यायला वेळ लागतो. हाताचा दोषही तपासा: बटण लिव्हरआधी सुटलं तर जबडा पुरता आवळला जायच्या आत ऑइल बकेटकडे वळतं. लिव्हर मध्ये आणायचा आणि मग बटण सोडायचं, हा क्रम अंगवळणी पडला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

एक जबडा उघडतो आणि शेजारचा आणखी आवळतो? दोन जबड्यांच्या ग्रॅपलमध्ये दोन्ही सिलिंडर बहुधा एकाच लाइनवर असतात. वळताना भार एका बाजूला झुकला की त्या सिलिंडरमधलं ऑइल दुसऱ्यात जातं. काहीच गळत नाही, तरी एक जबडा उघडतो. मिटताना एक आधी आणि दुसरा नंतर चालणं हेही त्याच जोडणीमुळे, ऑइल जिकडे विरोध कमी तिकडे आधी जातं. त्यासाठी कोणी सिलिंडर बदलायला सांगितलं तर हरकत घ्या.

सकाळी पकड टिकते, दुपारी टिकत नाही, हे स्पूलमधल्या गळतीचं ठसठशीत लक्षण. स्पूल आणि त्याचं घर यांच्यात काही मायक्रॉनची फट ठेवलेलीच असते, नाहीतर तो सरकणार नाही. त्यामुळे नवा स्पूल व्हॉल्व्हही थोडं ऑइल जाऊ देतोच. ४६ ग्रेडच्या हायड्रॉलिक ऑइलची श्यानता (दाटपणा) ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक असते, १०० अंशांना सुमारे ७ वर येते. ऑइल तापेल तसं ते पातळ होतं आणि त्याच फटीतून जास्त निसटतं. फट वाढते ती बहुतेक वेळा कचऱ्यामुळे. ग्रॅपल काढून ठेवल्यावर मातीत पडलेले कपलर (होस जोडायची तोंडं) न पुसता पुन्हा जोडले, की ती माती थेट व्हॉल्व्हमधून जाते. टोप्या लावा, जोडण्याआधी स्वच्छ कापडाने पुसा आणि फिल्टर वेळेवर बदला. व्हॉल्व्ह बदलूनही पुन्हा तेच होत असेल तर मूळ इथे शोधा.

पिस्टनचं सील आणि स्पूल दोन्ही थोडे थोडे गळत असतील तर ते एकमेकांना बिघडवतात. वर घेतलेल्या मापात, भार रॉडला आत ढकलत असेल आणि सील गळत असेल, तर तोच भार तोलायला आत चौपट दाब लागतो. तेवढ्या दाबाने स्पूलच्या फटीतून ऑइल दोन्ही तोंडांनी निसटायला लागतं. अशा वेळी सील बदललं की काही दिवस बरं वाटतं, आणि दोष सीलचाच होता असा समज पक्का होतो.

धक्का बसला की एकदम सगळं सुटतं, अशीही तक्रार असते. ग्रॅपल ट्रॅक्टरच्या मागच्या रिमोटला (बाहेरच्या अवजारासाठीच्या ऑइलच्या जोडणीला) लांब होसने जोडलेलं असेल तर लिव्हर फ्लोटच्या खाचेत गेलाय का बघा. फ्लोटमध्ये सिलिंडरच्या दोन्ही बाजू टाकीला जोडल्या जातात, तिथे पकड राहूच शकत नाही. विजेचा व्हॉल्व्ह असेल तर जॉयस्टिकमधली वायर, कॉइलचा कनेक्टर आणि अर्थिंग हलवून बघा. बटण दाबल्यावर टक् असा आवाज यायला हवा, आणि कॉइलच्या नटाला स्क्रू-ड्रायव्हर चिकटायला हवा. १२ व्होल्टची २० ते ३० वॅटची कॉइल साधारण दोन अँपिअर घेते. गंजलेल्या जोडणीमुळे तिच्यापर्यंत व्होल्टेज कमी पोहोचलं तर स्पूल अर्धवट सरकून राहतो.

पकड सुरुवातीपासूनच कमी असेल

हा वेगळा आजार आहे, पण लोक दोन्हींची गल्लत करतात. लिव्हर शेवटपर्यंत दाबल्यावर जबडा भरकन मिटतो आणि जोर मात्र नाही, असं होत असेल तर लोडरच्या व्हॉल्व्हमध्ये रीजनरेटिव्ह डंप आहे का ते बघा. बकेट लवकर पालथी व्हावी म्हणून ही सोय असते. लिव्हर थोड्या अडथळ्यापुढे रेटला की सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना पंपाचं ऑइल मिळतं. वेग वाढतो, जोर रॉडच्या क्षेत्रापुरताच उरतो, आपल्या मापात एक-चतुर्थांश. तेच ऑइल डायव्हर्टरमधून ग्रॅपलला मिळालं तर तिथेही तेच घडतं. अडथळ्याच्या अलीकडे लिव्हर थांबवा, किंवा दोन्ही होस अदलाबदल करा म्हणजे मिटण्याची दिशा दुसऱ्या बाजूला येईल. नंतर लिव्हरच्या दिशा उलटतात हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

कपलर पुरता बसला नसेल तर तो एकाच दिशेने ऑइल सोडतो: जबडा मिटतो पण उघडायला कुरकुरतो, किंवा उलट. जुन्या होसच्या आतलं अस्तर सुटलं तरी हेच लक्षण दिसतं. जबडा थरथरत मिटत असेल आणि टाकीतलं ऑइल फेसाळ दिसत असेल तर हवा शिरलीय. पातळी आणि पंपाकडे येणाऱ्या पाइपचे क्लॅम्प तपासा. एवढं सगळं ठीक असेल तर ग्रॅपलच्या लाइनवर गेज लावून दाब मोजा आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. गेज न लावता रिलीफ व्हॉल्व्हचा (जास्तीत जास्त दाब ठरवणाऱ्या झडपेचा) स्क्रू आवळणं हा मला तरी शुद्ध अविचार वाटतो. तो दाब पंप, होस आणि लोडरचे सिलिंडर या सगळ्यांवर पडतो.

पिन आणि बुशही हलवून बघा. भोक लंबगोल झालं असेल तर सिलिंडर घट्ट असूनही जबडा टोकाला बोटभर डुलतो. ग्रीसिंग टाळलेल्या ग्रॅपलवर हे हटकून सापडतं.

लॉक व्हॉल्व्ह लावावा का

स्पूलची गळती पूर्ण थांबत नाही, मग सिलिंडरपाशीच ऑइल कोंडायचं. त्यासाठी दुहेरी पायलट चेक व्हॉल्व्ह मिळतो, ज्याला दुकानात नुसतं लॉक व्हॉल्व्ह म्हणतात. मिटवण्याच्या किंवा उघडण्याच्या लाइनला दाब मिळाला तरच तो ऑइल सोडतो. ओंडके लांबवर न्यायचे असतील तर तो लावावा, असं माझं मत आहे. दोन जबडे असतील तर प्रत्येक सिलिंडरला वेगळा लावा, म्हणजे एकातून दुसऱ्यात ऑइल जाण्याची वरची भानगडही मिटते. तो सिलिंडरच्या अगदी जवळ हवा; ट्रॅक्टरपाशी लावला तर मधला होस फुटल्यावर त्याचा उपयोग नाही.

पण आधी पिस्टनचं सील ठीक आहे याची खात्री करा, कारण पिस्टनवरून होणारी गळती हा व्हॉल्व्ह थांबवत नाही. दुसरं, लिव्हर मध्ये असताना दोन्ही लाइन टाकीकडे मोकळ्या होणारा व्हॉल्व्ह असेल तरच लॉक लगेच बसतो. लाइन बंद राहत असतील तर लॉक उघडायला वापरलेला आणि लाइनमध्ये कोंडलेला पायलट दाब उतरेपर्यंत तो किंचित उघडाच राहतो, आणि व्हॉल्व्ह नवा असूनही गळतोय असं वाटतं. तिसरं, कोंडलेल्या ऑइलला धक्का सोसायला कुठे जागा नसते. मिटलेला जबडा खुंटावर आदळला तर आधी स्पूलमधून थोडं ऑइल निसटायचं, आता जबडाच वाकेल. खुंट उपटायला जबड्याचं टोक वापरण्याची सवय असेल तर लॉकसोबत शॉक रिलीफ (धक्क्याचा दाब सोडून देणारी झडप) असलेला प्रकार घ्या.

या सगळ्या तपासण्यांत ऑइलची बारीक गळती हाताने चाचपायची नाही. केसाएवढ्या छिद्रातून १७० बारने निघालेलं ऑइल कातडीत घुसतं, जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते आणि आत हात सडायला लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, गळती असेल तिथे त्यावर डाग उमटतो. ऑइल घुसल्याची शंका जरी आली, दुखत नसलं तरी, थेट इस्पितळात जायचं आणि डॉक्टरांना दाबाचं ऑइल घुसलंय हे स्पष्ट सांगायचं. यावर शस्त्रक्रिया लागते आणि ती काही तासांच्या आत व्हावी लागते.

ग्रॅपल काढून ठेवताना जबडा जमिनीवर टेकवा, दाब सोडा आणि मग कपलर काढा. उन्हात पडलेल्या ग्रॅपलमधलं कोंडलेलं ऑइल तापून दाब चढतो आणि पुढच्या वेळी कपलर बसता बसत नाहीत. तसं झालंच तर कपलरवर हातोडी चालवू नका. ग्रॅपल सावलीत गार होऊ द्या, आणि मग ट्रॅक्टरच्या बाजूचा दाब सोडून पुन्हा जोडा.